नऊ निकामी माद्या

"आंघोळ करून आलीस ना?"

शशिकलाबाईंनी दारातच विचारलं. सुमित्रेच्या एका हातात श्रीखंडाचा डबा होता, दुसऱ्या हातात पिशवी, आणि रायसेन रोडवरून बसने आल्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत धूळ.

"पहाटेच केली, जाऊबाई."

"ती तिकडची झाली. इथं पुन्हा कर. मोरीत पाणी काढून ठेवलंय. आणि ही साडी बदल, माझी देते. काशिनाथरावांच्या नाकाला कळता कामा नये, एवढंच माझं म्हणणं."

काय कळता कामा नये, ते शशिकलाबाईंनी सांगितलं नाही. तीन वर्षांत त्या घरात 'डुक्कर' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. नीळकंठ हरकऱ्यांचा धाकटा भाऊ 'जनावरांचा डॉक्टर' होता आणि 'शहराबाहेर एका केंद्रावर' होता, इतकंच शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होतं. सुमित्रा मोरीत गेली. अंगावर तांब्या ओतताना तिच्या मनात आलं, की या नव्या क्वार्टरांच्या मागून जे गटार वाहतं त्याच्या निम्मीसुद्धा घाण अच्युतच्या केंद्रावर नसते. तिथं सकाळ-संध्याकाळ फरशी धुतली जाते. पण आजचा दिवस वसुधाचा होता. धाकट्या नणंदेला बघायला नव्हे, जवळजवळ ठरवायलाच मंडळी येणार होती. वसुधासाठी सुमित्रेनं दोनदा काय, चारदा आंघोळ केली असती.

मंडळी म्हणजे दोघंच. मुलगा गोपीनाथ कारखान्यात इंजिनियर, पिपलानीच्या क्वार्टरात राहणारा. आणि त्याचे वडील काशिनाथराव, मुलाचं लग्न उरकायला पुण्याहून मुद्दाम येऊन राहिलेले. वसुधा मुलींच्या शाळेत शिकवायची. दोघांची एकदा भेट झाली होती आणि तिनं नाही म्हटलं नव्हतं. नागपूर सुटून भोपाळला आल्यावर साडेतीन वर्षांत हरकऱ्यांच्या घरात आलेलं हे पहिलं मंगल कार्य होतं. नीळकंठरावांनी त्यासाठी रीतसर चांदीची भांडी काढली होती.

पुरुषांची पंगत आधी बसली. नीळकंठराव, काशिनाथराव, गोपीनाथ, आणि टोकाच्या पाटावर अच्युत. तो नेहमीसारखा खाली मान घालून जेवत होता. तेव्हा गोपीनाथनंच विचारलं, "तुमच्या केंद्रावर नेमकं काय काम चालतं?"

नीळकंठरावांनी घाईनं, "अहो, आधी पुरी घ्या," म्हटलं, पण अच्युतनं मान वर केली होती. त्याला कुणी कामाबद्दल विचारलं की तो वेगळाच माणूस होई. सुमित्रा वाढता वाढता थांबली.

"विलायती जातीच्या डुकरिणी आहेत. त्यांची पिल्लं आम्ही गावोगावच्या पाळणाऱ्यांना देतो. मी आलो तेव्हा एकेक मादी दोन वेतांत संपायची. सात महिन्यांची पोर, तिला नर दाखवायचे. तिचीच वाढ पुरी झालेली नाही, आणि पोटात दहा पिल्लं. व्यायली की अंगावर पाजून पाजून हाडांचा सापळा. मग ती माजावर येत नाही, आणि लगेच शेरा: निकामी. लिलावात काढा, नवी आणा."

"मग तुम्ही काय केलं?"

"विशेष काही नाही. थांबलो. दहा महिन्यांची होईपर्यंत नर दाखवला नाही. गाभण असताना बेतानं खायला घातलं, पाजत असताना पोटभर. उन्हाळ्यात सावली आणि पाणी. पाय बिघडू नयेत म्हणून कोरडी जमीन. पिल्लं आईच्या अंगाखाली चिरडू नयेत म्हणून भिंतीलगत लाकडी बल्ल्यांचा कठडा. पूर्वी एक मादी सगळ्या आयुष्यात वीस पिल्लं जगवायची. आता एकेकीनं पंचेचाळीस जगवलीत आणि सगळ्या सहाव्या वेताला आहेत."

"पंचेचाळीस!" गोपीनाथ म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

काशिनाथरावांनी पुरीचा घास ताटात परत ठेवला. "जेवताना हा विषय नको. आणि आता त्याची गरजही राहिली नाही. अच्युतराव, अभिनंदन! सुटलात एकदाचे."

"कशातून?"

"त्या केंद्रातून हो. बदलीचा हुकूम निघाला ना? सचिवालयात टेबल मिळतंय, पंखा मिळतोय. मी नीळकंठरावांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, मुलगी पसंत, घराणं पसंत, तेवढं एक तुम्ही मिटवा. उद्या पुण्यात कुणी विचारलं, नवरीचा भाऊ काय करतो, तर आम्ही सांगायचं काय?"

अच्युतनं थोरल्या भावाकडे पाहिलं. त्याच पशुसंवर्धन खात्याच्या कचेरीत अधिकारी असलेले नीळकंठराव आमटीत भात कालवत होते. फार वेळ कालवत होते.

"दादा?"

"नंतर बोलू. उद्या तुला पत्र मिळेलच."

सुमित्रेच्या हातातलं श्रीखंडाचं भांडं एकदम जड झालं. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता हा काही बोलेल, निदान एक शब्द बोलेल. पण अच्युतनं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वसुधाकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि वसुधा तीन. त्यानंतर घर चालवलं, दोघांना शिकवलं, ते नीळकंठरावांनी. अच्युत त्यांच्यापुढे कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. बहिणीचं लग्न आणि आपली नोकरी, यांत त्यानं निवड करून टाकली होती, आणि तीही एका घासाच्या वेळात. सुमित्रेला नवऱ्याची कीव आली नाही. राग आला.

त्याच वेळी बाहेरून हाक आली. "साहब! डाक्टर साहब!"

शशिकलाबाई पडदा सारून बघायला गेल्या आणि तोंडाला पदर लावून मागं सरल्या. "अगं बाई, तुमची ती... कामवाली. ही कशी आली इथं? मागं जा म्हणावं तिला!"

रामकली होती. केंद्रावर माद्यांचं खाणंपिणं बघणारी, चाळिशीची, काटक बाई. बस चुकली म्हणून ती आनंद नगरपर्यंत चालत आली होती आणि तिथून एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून इथवर. चैत्राचं ऊन डोक्यावर होतं. ओठ पांढरे पडलेले. ती पायरीवरसुद्धा चढली नाही, अंगणातूनच बोलू लागली.

"साहब, सवेरे दो आदमी आए. नौ की पीठ पे गेरू लगा गए. चार नंबर, सात नंबर, सब पुरानी वाली. बोले, बुड्ढी हैं, बेकार हैं. कल सवेरे ट्रक आएगा, नीलाम वाले ले जाएँगे. साहब, चार नंबर के तो नीचे बच्चे हैं! ग्यारह बच्चे! उनका क्या होगा?"

अच्युत उष्ट्या हातानं उठून दारात आला होता. "कुणी पाठवलं त्यांना? किसने भेजा?"

"कागज था उनके पास. दफ्तर का."

रामकलीनं तिथल्या तिथं खाली बैठक मारली. सुमित्रा आत वळली. ओट्यावर पाहुण्यांसाठी वाळ्याच्या पाण्यानं भरलेला चांदीचा तांब्या होता. तिनं तोच उचलला, पेला घेतला आणि अंगणात गेली.

"सुमित्रा!" शशिकलाबाईंचा आवाज फाटला. "तो तांब्या—"

"घासून देईन मी, जाऊबाई."

रामकलीनं मात्र पेला घेतला नाही. ओंजळ पुढं केली. सुमित्रेनं तिच्या हातात पेला बळेच दिला. बाई तीन पेले पाणी प्यायली. खिडकीतून काशिनाथराव बघत होते, हे सुमित्रेला पाठीवर कळत होतं.

ती आत आली तेव्हा पंगत मोडली होती. बाहेरच्या खोलीत सगळे उभे होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"भावजी," ती म्हणाली. थोरल्या दिरांशी ती एरवी गरजेपुरतं बोलायची, तेही पदर सावरून. आज पदराकडे तिचं लक्ष नव्हतं. "यांची बदली तुम्ही करवलीत, ते समजलं. वसूसाठी केलीत, तेही समजलं. माद्या कुणी काढायला लावल्या?"

"नियम आहे तो. तीन वेतांच्या वरच्या माद्या ठेवायच्या नाहीत. मी केलेला नियम नाही."

"तीन वर्षं तो नियम कुणाला आठवला नाही."

"तीन वर्षं त्या केंद्रावर अच्युत होता!" नीळकंठरावांचा आवाज चढला. "आता तिथं कोण येणार, त्या म्हाताऱ्या जनावरांचं कोण करणार? उद्या त्या मेल्या तर ठपका कुणावर? त्याच्यावरच ना? जाताना पाटी कोरी करून देतोय मी त्याची. आणि तू मला जाब विचारतेस? पाहुण्यांदेखत?"

"दादा, चार नंबरच्या अंगावर पिल्लं आहेत," अच्युत हळू आवाजात म्हणाला. "ती गेली तर अकरा पिल्लं दोन दिवसांत मरतील. पाच माद्या गाभण आहेत. नऊंत एकही रिकामी नाही. निकामी कोण आहे?"

"कागदावर वेतांचा आकडा बघतात. बाकीचं बघायला कुणाला वेळ आहे?"

"म्हणजे कुणी बघितलंच नाही," सुमित्रा म्हणाली.

चार नंबर. सुमित्रेला त्या मादीचं पहिलं वेत आठवत होतं. नवखी, घाबरलेली, उठता-बसता तिनं आपली आठही पिल्लं अंगाखाली चिरडली होती. तेव्हाही खात्याचा माणूस म्हणाला होता, ही आई व्हायच्या लायकीची नाही, काढून टाका. अच्युत म्हणाला होता, जागा अरुंद आहे, दोष तिचा नाही. कठडा त्यानंतर झाला. पुढच्या चारही वेतांत त्याच मादीनं सगळ्यांत जास्त पिल्लं वाढवली. रामकलीच्या वस्तीतल्या कितीतरी घरांचा संसार तिच्या पिल्लांवर उभा राहिला होता. हे सगळं सुमित्रेनं आपल्या अक्षरात केंद्राच्या वहीत उतरवून ठेवलं होतं, कारण अच्युतचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नसे.

"माझ्याकडे वही आहे," ती म्हणाली. "प्रत्येक मादीची तारीख आहे. केव्हा गाभण राहिली, केव्हा व्यायली, किती जगली. ती वही घेऊन मी उद्या तुमच्या साहेबांकडे जाईन."

नीळकंठरावांचा चेहरा लाल झाला. पाहुणे, भाऊ, अंगणातली ती बाई, आणि समोर उभी असलेली धाकटी भावजय. त्यांचा तोल गेला.

"वही! डुकरिणींची वेतं लिहिलीयस म्हणे वहीत! नऊ वर्षं झाली लग्नाला. स्वतःच्या घरात पाळणा हलला नाही, त्याची आधी लाज धर, आणि मग त्या जनावरांच्या पिल्लांचा हिशेब सांग मला!"



नऊ दिवस. सुमित्रेचा मुलगा नऊ दिवस जगला होता. त्याआधीचं एक सहाव्या महिन्यातच गेलं होतं. तिनं खुर्चीची पाठ धरली. अच्युत एक पाऊल पुढं आला. पण त्याच्या आधी शशिकलाबाई पुढं आल्या.

"काय बोललात?"

"तू आत जा."

"नाही जात. नागपूरच्या दवाखान्यातून त्या पोराला पदरात गुंडाळून मी आणलं होतं. तुम्ही नव्हता, हा अच्युत नव्हता, बॉम्बेला परीक्षेला होता. मी होते. हिच्या अंगात ताप होता आणि ही मला विचारत होती, जाऊबाई, तो झोपला का. आणि तुम्ही तिला लाज शिकवता?"  शशिकलाबाई तडक झोपायच्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात लाल फितीची फाइल होती.

"शशी! ती सरकारी फाइल आहे!"

"मग घरी कशाला आणलीत? काल मला म्हणालात, एक सही केली की वसूचं लग्न ठरलं. घे, सुमित्रा. मला इंग्रजी येत नाही. तूच वाच काय आहे."

 टिपणी अर्ध्याच पानाची होती. सुमित्रेनं ती दोनदा वाचली. मग मोठ्यानं, मराठीत सांगितली. "केंद्रावरील बारापैकी उरलेल्या नऊ मूळ माद्यांची प्रत्यक्ष पाहणी केली. सर्व माद्या वयानं थकलेल्या, रिकाम्या व प्रजननास निकामी आढळल्या. तातडीनं विल्हेवाट लावावी. खाली भावजींची सही."

"प्रत्यक्ष पाहणी?" अच्युत म्हणाला. "दादा, तुम्ही केंद्रावर कधी आलात?"

नीळकंठरावांनी फाइलीसाठी हात पुढं केला.

"तीन वर्षांत एकदा. एकदा तरी आलात? सत्यनारायणाला बोलावलं, आला नाहीत. मला टायफॉइड झाला होता तेव्हा तुम्ही रस्त्यावरच थांबून आत माणूस पाठवलात. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाहीत तुम्ही!" अच्युतचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. "वसूसाठी मागितलं असतंत तर नोकरी सोडली असती मी. गुपचूप सोडली असती. पण न बघता निकामी लिहिलंत? जित्या जनावराला?"

"हे पाहा," काशिनाथराव मध्ये पडले, "हा तुमचा घरगुती मामला आहे. आम्ही निघतो. पण नीळकंठराव, एक लक्षात घ्या. हे प्रकरण वर गेलं, चौकशा झाल्या, नाव आलं, तर आमचा संबंध राहणार नाही. अशा घरात—"

"एक मिनिट." वसुधा इतका वेळ दारातच होती. ती पुढं आली आणि काशिनाथरावांना ओलांडून गोपीनाथसमोर उभी राहिली. "तुम्ही मघाशी विचारलंत, पंचेचाळीस म्हणाल्यावर तुम्हाला आश्चर्य वाटलं. मला वाटलं, तुम्ही वेगळे आहात. आता तुम्हाला काही म्हणायचंय?"

गोपीनाथ घोटाळला. त्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला. "तसं बघायला गेलं तर तुमच्या भावाचं बरोबर आहे. पण बाबा म्हणतात त्यातही..."

"बाबा काय म्हणतात ते मी ऐकलं. मी तुम्हाला विचारतेय."

त्यानं वडिलांकडे पाहिलं.

"ठीक आहे," वसुधा म्हणाली. "माझं उत्तर नाही. दादा, आता तुम्हाला माझ्या लग्नासाठी कुणालाही विकायची गरज नाही."

"वसू, तुला कळतंय का तू काय करतेस?" नीळकंठराव ओरडले. "तुझ्यासाठी केलं मी हे!"

"मला विचारून केलंत?"

पाहुणे गेले. जाताना काशिनाथरावांनी चपला घाईनं पायात सरकवून अंगण ओलांडलं, रामकली बसली होती तिथून लांबून. शशिकलाबाईंनी रामकलीला केळीच्या पानावर वाढून दिलं. मागच्या दारी नव्हे, पुढच्या अंगणातच.  पान त्यांनी स्वतः आणून ठेवलं, आणि श्रीखंड दुसऱ्यांदा वाढायला पुन्हा आल्या.

अच्युत, सुमित्रा, वसुधा आणि रामकली उन्हं कलताना मिळून केंद्रावर परतले. फाइल नीळकंठरावांकडेच राहिली. अच्युतनं ती हिसकावली नाही, आणि सुमित्रेलाही तसं करावंसं वाटलं नाही. त्यातलं सगळं आता तिला पाठ होतं.

दिवे लागायच्या आत अच्युतनं नऊही माद्या एकेक करून तपासल्या. सुमित्रेनं वही उघडली आणि तो सांगेल तसा दाखला लिहीत गेली. पाच गाभण, चार अंगावर पिल्लं असलेल्या. गाभण किंवा पाजती मादी लिलावात काढता येत नाही, हाही खात्याचाच नियम होता. तो नियमपुस्तकाच्या सत्ताविसाव्या पानावर होता आणि अच्युतला तोंडपाठ होता. शेवटच्या ओळीशी आल्यावर तो थांबला.

"हे गेलं की दादा अडकतील," तो म्हणाला. "खोटी पाहणी लिहिली म्हणून. सस्पेंडसुद्धा होतील कदाचित."

"मग?"

"मला त्यांनी हाताला धरून शाळेत घातलंय, सुमित्रा."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच सहीसाठी तुमच्या हातात पेन मी कोंबत नाही. सही तुमची तुम्ही करा, नाहीतर करू नका. पण न करता माझ्याकडे बघू नका, मला ते जमणार नाही."

तो कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. आत चार नंबर कुशीवर पडली होती. दहा पिल्लं दोन ओळींत तिच्या आचळांना लागली होती आणि अकरावं चुकलेलं, दुसऱ्यांच्या पाठीवरून चढत जागा शोधत होतं. तिच्या पाठीवरचा गेरू रामकलीनं ओल्या फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला होता, पण तो फक्त पसरला होता. अच्युतनं वाकून त्या चुकलेल्या पिल्लाला जागेवर लावलं. मग हात धुतले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी सात वाजता ट्रक आला. त्याच्याबरोबर ठेकेदार, खात्याचा एक कारकून, आणि दोर घेतलेली तीन माणसं. फाटकात रामकलीच्या वस्तीतल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अच्युतनं कारकुनाच्या हातात दाखला ठेवला. तो वाचून कारकून गोंधळला. "साहब, दो कागज हैं मेरे पास. एक में लिखा है खाली हैं, एक में लिखा है गाभिन हैं. मैं किसे सच मानूँ?"

"अंदर चलके देख लीजिए," वसुधा म्हणाली.

तेवढ्यात रस्त्यावरून सायकल येताना दिसली. नीळकंठराव होते. इतक्या लांब ते सायकलनं कधी आले नव्हते. कोट घामानं भिजला होता, टोपी हातात होती. फाटकाशी ते उतरले आणि आतल्या बाजूला बघत उभे राहिले.

कुणीही त्यांना 'या' म्हटलं नाही. मग ते आपणहून आत आले.

अच्युतनं त्यांना एकेका कोठ्यापाशी नेलं. समजावून सांगितलं नाही, फक्त नंबर सांगितला. "दोन. गाभण, वीस दिवस राहिले. तीन. गाभण. चार. अकरा पिल्लं." नीळकंठराव प्रत्येक ठिकाणी थांबले. चार नंबरपाशी ते जास्त वेळ थांबले. मादीनं मान वर केली, त्यांचा वास घेतला आणि पुन्हा आडवी झाली. नववी झाली तेव्हा त्यांनी कोटाच्या आतून फाइल काढली, कारकुनाच्या पेटीवर ठेवली, आधीची टिपणी आडव्या रेघेनं खोडली आणि खाली लिहू लागले. सुमित्रा समोरच उभी होती.

"काय लिहिताय ते वाचून दाखवा, भावजी."

त्यांनी वाचलं. "आज रोजी स्वतः पाहिले. नऊंपैकी एकही मादी निकामी नाही. मागील टिपणी पाहणी न करता लिहिली होती. लिलाव रद्द करावा."

"'पाहणी न करता' राहू द्यायचंय?" अच्युतनं विचारलं.

"तुझा दाखला आहेच की. लपवून काय होणार?" त्यांनी सही केली.  "बदली मात्र आता माझ्या हातात नाही. तो हुकूम वरून सुटला. पंधरा दिवसांत तुला चार्ज द्यावा लागेल."

"देईन."

"नवीन माणूस कसा येईल..."

"त्याच्यासाठी सगळं लिहून ठेवू आम्ही," अच्युत म्हणाला. "दहा महिने थांब. पाजतीला पोटभर घाल. एका वेतावरून कुणाला निकामी ठरवू नकोस. त्यानं वाचलं तर वाचलं."

ट्रक रिकामा वळला. ठेकेदार शिव्या देत होता. फाटकातल्या बायका हटायला घाई करत नव्हत्या. वसुधानं नीळकंठरावांना चहा विचारला नाही, पण पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यांनी हात धुतले, पाणी प्यायले, आणि सायकल धरून फाटकापर्यंत गेले. तिथं थांबले. सुमित्रा त्यांच्यामागे फाटक लावायला आली होती.

"सुमित्रा," ते म्हणाले. तिच्याकडे बघत नव्हते, हँडलकडे बघत होते. "काल मी जे बोललो ते..."

ती वाट बघत राहिली. त्यांना पुढचे शब्द सापडेनात. नवी टिपणी त्यांनी कशी भराभर लिहिली होती, ते तिला आठवलं. नोकरीसाठी हात कसा चालतो, आणि इथं जीभ कशी चालत नाही! कालपासून छातीत पेटलेलं अजून तसंच होतं. नऊ माद्या वाचल्या म्हणून ते विझलेलं नव्हतं, आणि ते विझायला हवं असंही तिला वाटलं नाही.

"ते तुम्ही कागदावर लिहिलं नव्हतंत, भावजी," ती म्हणाली. "त्यामुळे ते खोडताही येणार नाही."

आणि तिनं फाटकाची कडी घातली.